राजा लिहायचा कसा? (कदंबकालीन नाटकासाठी माहिती हवी)

मांडवीकाठ
जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात करायचं दोन अंकी नाटक लिहायला घेतलंय. काळ बाराव्या शतकाचा मध्य. नायक गोवे कदंबांचा शिवचित्त पेर्माडी, सोबत धाकटा भाऊ विष्णुचित्त आणि राणी कमलादेवी. ठिकाण गोपकपट्टण, म्हणजे जुवारीकाठचं आजचं गोवा वेल्हा. पहिल्या खर्ड्यातला राजा सिंहासनावर बसतो, टाळी वाजवतो, "कोण आहे रे तिकडे?" म्हणतो आणि लढाईला जातो. हा राजा कुठल्याही शतकात नि कुठल्याही गावात खपेल, हाच त्याचा दोष. जाणकारांकडून हवंय ते असं: तेव्हा राजा म्हणजे नेमकं काय होतं, माणूस राजा 'व्हायचा' कसा, दिवसभर करायचा काय, आणि असल्या नाटकांत हमखास काय चुकतं. पुतळ्यांच्या वादाला वेगळे धागे आहेत, तो इथे नको.

खाजन
पहिली चूक ललकारीतच होते. "राजाधिराज, सार्वभौम सम्राट" असं ओरडत चोपदार आला की नाटक बाराव्या शतकातून बाहेर पडलंच. गोवे कदंब हे कल्याणीच्या (आजच्या कर्नाटकातलं बसवकल्याण) चालुक्यांचे मांडलिक. त्यांची अधिकृत पदवी 'महामंडलेश्वर', आणि तिच्याआधी लेखांत ठरलेलं विशेषण येतं 'समधिगतपंचमहाशब्द', म्हणजे पाच महावाद्यांचा मान मिळालेला. ही वाद्यं कोणती, याची एक परंपरागत यादी आहे: शृंग, तम्मट, शंख, भेरी, जयघंटा. मान वरच्या राजाने द्यायचा आणि खालच्याने तो आपल्या दारात वाजवून घ्यायचा. राजेपणाचा दर्जा डोळ्यांआधी कानांना कळायचा.

मग कुळाची ओळख. 'बनवासीपुरवराधीश्वर', कारण मूळ कदंबांची राजधानी बनवासी. ती यांच्या हातात असो वा नसो, बिरुद सोडलेलं नाही. ध्वजावर वानर (शाखाचरेंद्रध्वज), मुद्रेवर सिंह (सिंहलांछन), आणि 'पेर्मट्टि' नावाचं कुळाचं वाद्य. सिंह तर आपण रोज पाहतो, कदंब महामंडळाच्या बसवर. पण नेपथ्यकाराने तोच सिंह झेंड्यावर रंगवला तर चुकलं. झेंडा वानराचा, शिक्का सिंहाचा.

नाण्यांवर 'श्री सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद' असं येतं. म्हणजे राज्य सप्तकोटीश्वराच्या वराने मिळालं. देव तेव्हा दिवाडी बेटावरच्या नार्व्याला होता. आज नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला आहे, आणि तिथल्या देवळाच्या कामाला शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये आरंभ करवल्याचा शिलालेख दारावर आहे. साडेचारशे-पाचशे वर्षांच्या अंतराने दोन राजांना आपला अधिकार त्याच एका देवापाशी नोंदवावासा वाटला. नाटकात सप्तकोटीश्वर नुसता पडद्यावर रंगवून ठेवू नका, तो पात्र आहे.

आणि काळ अगदी नाट्यमय निवडलाय. शिवचित्त गादीवर येतो तो ११४७ च्या सुमारास. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चालुक्यांची पकड सुटते आणि त्यांचाच मांडलिक कलचुरी बिज्जळ कल्याणी बळकावतो. ज्याच्याकडून पंचमहाशब्द मिळाले तोच घर गमावून बसला, तर वाद्यं कोणाच्या नावाने वाजवायची? पहिला अंक या एका प्रश्नावर उभा राहील. राणीच्या माहेरची भांडणं नकोत.

मांडवीकाठ
झेंडा आणि शिक्का वेगळे, हे ठाऊक नव्हतं. पडदा रंगवायला गेलेला नाही, सुटलो! दोघा भावांचं वैर दाखवलंय, ते कितपत चालेल?

खाजन
चालणार नाही. लेखांत दोघे भाऊ एकत्र राज्य करताना दिसतात. भावाभावांत वैर हा नाटकाचा जुना साचा, इतिहासात तो सक्तीचा नाही. दोघांना एकाच बाजूला ठेवून पाहा, जास्त अवघड आणि जास्त चांगलं होईल.

तांब्याचा पत्रा
राजा काम करताना दाखवायचाय तर दानपत्राचा प्रवेश घाला. रंगभूमीवर तो कोणी करत नाही, आणि तेव्हाचे राजे आपल्याला मुख्यतः याच कामामुळे माहीत आहेत.

क्रम साधारण असा. राजा दान तोंडी जाहीर करतो, मंत्र्यांच्या आणि गावच्या महत्तरांच्या, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांच्या, समक्ष. सांधिविग्रहिक, म्हणजे परराज्यांशी तह नि युद्ध यांचा पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी, मसुदा रचतो. हा माणूस राजदूतही आणि दरबारी कवीही, कारण मसुद्याची भाषा काव्याची लागते. मग लेखक तांब्याच्या पत्र्यावर शाईने अक्षरं काढतो आणि कारागीर त्यांवर छिन्नी चालवतो. पत्रे बहुधा तीन. कडा थोड्या उचललेल्या, म्हणजे एकावर एक ठेवले तरी अक्षरं घासत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी. डाव्या अंगाला किंवा वर भोक, त्यातून कडी, कडीच्या जोडावर मुद्रा. कडी न कापता पत्रा काढता येत नाही. कापलेली कडी म्हणजे कुणीतरी हात घातला.

मजकुराचाही साचा ठरलेला. स्वस्ति, देवाची स्तुती, कुठून दिलं ते ठिकाण, वंशावळ, बिरुदं, दान घेणाऱ्याचं गोत्र नि शाखा, जमिनीच्या चारही सीमा, तिथी-वार-संवत्सर, आणि शेवटी शापवचनं. कदंबांच्या लेखांत शकाबरोबर कलियुगाची वर्षंही सापडतात, हे त्यांचं वैशिष्ट्य.

यातली शापवचनं नीट ऐका. 'आपण दिलेली असो वा दुसऱ्याने दिलेली, जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल.' हा शाप सामान्य चोराला नाही. शेतकरी ताम्रपटाची जमीन गिळू शकत नाही, ती पुढचा राजाच गिळू शकतो. म्हणजे हा एका राजाने न जन्मलेल्या राजाला घातलेला शाप. आपल्यानंतर आपला शब्द टिकेल याची खात्री खुद्द राजाला नाही, म्हणून तो सगरापासूनचे राजे साक्षीला बोलावतो. याच शापाचं अडाणी, थेट रूप म्हणजे कोकणातले गद्धेगाळ: दगडावर गाढवाचं चित्र आणि सोबत शिवी. वाचता न येणाऱ्यांसाठी.

चुका काय होतात? कोरणारा अक्षर गाळतो, मग ते ओळीखाली बारीक करून घुसवतो. सीमा सांगताना ओहोळ किंवा झाड सांगितलं, आणि ओहोळ वळला की तंटा. खोटे ताम्रपट पकडायची एक जुनी रीतही इथूनच येते: तिथी आणि वार गणिताने जुळत नाहीत. प्रवेशात एका जुन्या दानपत्राची तिथी जुळत नाही आणि राजाला ठरवायचंय की आजोबांचं नाव घातलेला हा खोटा कागद मोडायचा की चालू द्यायचा, असं काही करता येईल. (कागद म्हणालो, पण संवादात 'कागद' आणू नका. 'शासन' म्हणा.)

पाटाचें पाणी
तो राजा कसा 'होतो' हे कोणी घेतलं नाही अजून. पौराणिक पद्धतीचा राज्याभिषेक अग्निपुराणात तपशिलाने आहे. त्यातलं मृत्तिकास्नान रंगमंचावर आणायलाच हवं. राजाच्या अंगाला जागोजागची माती लावतात, आणि कुठली माती कुठे हे ठरलेलं:

डोक्याला डोंगरमाथ्याची, कानांना वारुळाच्या टोकाची, तोंडाला विष्णूच्या देवळाची, मानेला इंद्राच्या, छातीला राजवाड्याच्या अंगणाची. उजव्या हाताला हत्तीने सुळ्याने उकरलेली, डाव्याला बैलाने शिंगाने उकरलेली. पाठीला तळ्याची, पोटाला नद्यांच्या संगमाची, कुशींना नदीच्या दोन्ही काठांची, कमरेला वेश्येच्या दारातली, मांड्यांना यज्ञभूमीची, गुडघ्यांना गोठ्याची, पोटऱ्यांना घोड्यांच्या पागेची, पायांना रथाच्या चाकाची.

म्हणजे अंगावर अख्खं राज्य लिंपलं. दारातल्या मातीत वेश्येचं दारही आलं, ते कुणी गाळलं नाही. आपले नाटककार मात्र गाळतात.

त्यानंतर चार दिशांना चार वर्णांचे अमात्य. पूर्वेला ब्राह्मण तुपाने भरलेला सोन्याचा कुंभ घेऊन, दक्षिणेला क्षत्रिय दुधाचा रुप्याचा, पश्चिमेला वैश्य दह्याचा तांब्याचा, उत्तरेला शूद्र पाण्याचा मातीचा. चौघांनी आपापल्या दिशेने अभिषेक करायचा. एक जरी दिशा राहिली तरी अभिषेक अपुरा.

वेदकाळचा राजसूय तर याहून रोखठोक. शतपथ ब्राह्मणात राजा राज्यातल्या 'रत्नीं'च्या, म्हणजे सेनानी, पुरोहित, सूत, ग्रामणी अशांच्या घरी स्वतः जाऊन आहुती देतो. मान द्यायला लोक राजाकडे येत नाहीत, राजा त्यांच्या दारी जातो. अभिषेकाचं पाणी सतरा प्रकारचं. आणि नंतर ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, काहीही न बोलता राजाच्या पाठीवर काठ्यांनी मारतात. अर्थ असा की दंड एकदाच भोगून तो पुढे अदंड्य झाला. ऐतरेय ब्राह्मणात तर अभिषेकाआधी पुरोहितापुढे शपथ आहे: मी तुझ्याशी द्रोह केला तर जन्मल्या रात्रीपासून मरणाच्या रात्रीपर्यंत जे पुण्य केलं, माझं आयुष्य, माझी संतती, सगळं तुझं.

राजा जन्मतो, ही नाटकातली समजूत. ग्रंथांत तो बनवला जातो, वीस-पंचवीस माणसांच्या हातून. पात्रयोजना करताना आधी ती माणसं लिहा, राजा शेवटी.

सत्तरीचो
पाटाचें पाणीबाब, सुंदर, पण हे सगळं पुरोहितांनी पुरोहितांसाठी लिहिलेलं आहे हे विसरून चालणार नाही. चार कुंभ चार वर्णांचे आहेत, पण लिहिणारा एकाच वर्णाचा. खेड्यातल्या माणसाला ना कुंभ दिसायचा ना माती. त्याला राजा एकाच रूपात दिसायचा: वसुली. महाभारताच्या शांतिपर्वात लोकांनी मनूला राजा केलं ती कथा काढा. मनू आधी नको म्हणतो. मग लोक भाव ठरवतात: जनावरं आणि सोनं यांचा पन्नासावा भाग, धान्याचा दहावा. हा करार आहे, भक्ती नव्हे. पुढे स्मृतींत धान्याचा सहावा, आठवा किंवा बारावा भाग येतो, आणि 'षड्भागी', म्हणजे सहावा भाग घेणारा, हे राजाचं जणू दुसरं नाव झालं. आणि ज्याने करार मोडला त्या वेन राजाला ऋषींनी मंत्रलेल्या दर्भांनी मारून टाकलं, हेही त्याच पर्वात आहे.

त्याच पर्वात भीष्म म्हणतो, काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याचा संशय नको, राजा हाच काळाचं कारण. म्हणजे वर तुम्ही म्हणता तसं 'बनवला जातो' तेवढंच पुरेसं नाही. एकदा बनला की तो बनवणाऱ्यांना दांडक्याने हाकतो.

खाजन
दोन्ही खरं. म्हणून तर नाटक होतं.

पाटाचें पाणी
सत्तरीचो, मुद्दा मान्य, पण दांडकं हाती धरणारेही पगारी असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लढाईआधी राजाने सैन्यापुढे म्हणायचं वाक्य दिलंय: मी तुमच्यासारखाच वेतन घेणारा, हे राज्य तुम्ही आणि मी मिळून उपभोगायचं. हे भाषण सत्तेच्या मस्तीतून येत नाही. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज, राजमाता आणि पट्टराणी यांना वर्षाला ४८,००० 'पण' (तेव्हाचं नाणं), अशी वेतनाची पट्टीही तिथे आहे, अगदी खाली ६० पणांपर्यंत. यज्ञात राजाची भूमिका करणाऱ्यालाही बरोबरीच्या विद्येच्या माणसाच्या तिप्पट वेतन लिहिलंय. तुमच्या नाटक मंडळींना दाखवू नका.

तळावलीचें कणस
कर आणि राजा यांचं गोव्यातलं नातं गावकारीशिवाय, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या गावकारांच्या संस्थेशिवाय, कळत नाही. १५२६ च्या सप्टेंबरात पोर्तुगीज तिजोरीचा प्रमुख आफोंसो मेशिया याने गावकारीचे रीतिरिवाज लिहून काढले, तो 'फोराल'. त्यात सुरुवातीलाच अशी समजूत नोंदली आहे की फार पूर्वी चार माणसं ओसाड बेटावर आली, जमीन कसली, आणि पुढे जो कोणी वरचढ आला त्याला आपल्या रीती शाबूत राहाव्यात म्हणून कर देऊ लागली. राज्य आधी आणि गाव नंतर, असं गावकार समजत नव्हते. गाव आधी. राजा येतो-जातो, ठरलेला कर गाव एकगठ्ठा भरतं, आतलं वाटप गावकार बघतात. कोणाची शेती बुडाली तरी गावाचा आकडा तोच, तूट सगळ्यांच्या डोक्यावर.

याच फोरालात ताळगावचा मान आहे. तिसवाडीत भाताची पहिली कापणी ताळगावच्या गावकारांनी करायची. नव्या कणसांची पेंढी घेऊन ते मोठ्या इगर्जीच्या (चर्चच्या) मुख्य वेदीपाशी जायचे. मग पाद्रीने त्यांच्याबरोबर सरकारी वखारीत जायचं आणि तिथल्या अधिकाऱ्याने चार पर्दांवपर्यंत (तेव्हाचं नाणं) खर्चून त्यांच्या गळ्यात पासोड्या घालायच्या. आज २१ ऑगस्टला ताळगावात कणसाचं फेस्त होतं ते याच परंपरेचं. देवळाच्या जागी इगर्ज आली, राजाच्या जागी वखारीचा अधिकारी. पण गावकाराच्या खांद्यावर वस्त्र पडल्याशिवाय कापणी सुरू होत नाही, ही अट राहिली. नव्या सत्तेने राजेपणाचा हा एवढा तुकडा मुद्दाम उचलला, कारण त्याशिवाय कर हातात आला नसता.

तुमच्या नाटकात गावकार राजाला पहिली पेंढी देतो आणि राजा पासोडी घालतो, असा मूक प्रवेश घाला. संवाद नको.

तांब्याचा पत्रा
एक दुरुस्ती. फोराल १५२६ चा, नाटक त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधीचं. तेव्हाची रीत अशीच होती याला तो पुरावा नव्हे. नाटकात जरूर घ्या, पण पत्रिकेत 'ऐतिहासिक' म्हणून छापू नका.

तळावलीचें कणस
मान्य. मूक प्रवेशाला पत्रिका लागत नाही, तेवढी सूट द्या.

फोंतेनकार
अवांतर आहे, पण राजाचा विषय गोव्यात चाललाय तर एक विचित्र गोष्ट. १५१० पासून १९१० मध्ये पोर्तुगालची राजेशाही संपेपर्यंत चारशे वर्षं गोवा राजाच्या नावाने चालला, आणि गादीवरचा एकही राजा इथे कधी फिरकला नाही. राजा म्हणजे शिक्का, तसबीर आणि विजरई (व्हाइसरॉय). त्यातही जुआंव चौथ्याने १६४६ मध्ये आपला मुकुट निष्कलंक गर्भसंभवाच्या सायबिणीला (मरियमेला) अर्पण केला. त्यानंतर पोर्तुगालचे राजे मुकुट डोक्यावर घालत नाहीत, चित्रांत तो बाजूला उशीवर असतो. पोर्तुगीज काळावरच्या आपल्या नाटकांतला राजा मात्र सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट घालूनच येतो.

आणि १६८३. संभाजी महाराजांनी जुवें बेट घेतलं तेव्हा विजरई कोंद द आल्व्होरने सां फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपली अधिकाराची काठी तिथे ठेवली, म्हणजे राज्य संताच्या हवाली केलं. नाण्यावर सप्तकोटीश्वराचा वर कोरणारा कदंब आणि शवपेटीत काठी ठेवणारा विजरई, मला तरी दोघांत फारसा फरक दिसत नाही.

मोमोचो भाव
मग कार्निव्हालचा राजा मोमोही घ्या की! खा, पिया, मजा करा असं फर्मान वाचतो, चार दिवस राज्य करतो, एकही कर घेत नाही. शांतिपर्वाच्या कसोटीवर हा एकटाच नापास. राजेंच्या, म्हणजे बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या, फेस्तालाही काणसावलीकडे तीन गावांचे तीन मुलगे मुकुट घालून घोड्यावरून डोंगरीवरच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) जातात. आमच्याकडे राजांची कधी टंचाई नव्हती.

संपादकीय लाल शाई
भाषेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. कदंबांचे लेख संस्कृत आणि कन्नडात आहेत, त्यामुळे मराठी संवाद हा मुळातच करार आहे, प्रेक्षक तो मान्य करतो. पण करार मोडतो तो दरबार, तख्त, हुकूम, फौज, खजिना, जाहीर, वजीर या शब्दांनी. फारसीचा वास लागला की काळ पुढे सरकतो. शिवाजी महाराजांनी याच शब्दांना पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश करवला, म्हणजे १६७४ च्या सुमारास ते मराठीत किती मुरले होते ते कळतं. सभा, आसन, आज्ञा, सैन्य, कोश, प्रधान एवढ्यावर भागतं. उलट टोकाला जाऊन प्रत्येक वाक्यात 'भगवन्' आणि 'आर्यपुत्र' घातले तर कीर्तन होईल.

जेवणाच्या प्रवेशातही पाहा. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, तंबाखू हे सगळं पोर्तुगीजांनंतरचं. शिवचित्ताच्या ताटात तिखट म्हणजे मिरी, आणि प्यालात काजूची फेणी नाही, हवी तर माडाची सुरा. नारळ, सुपारी, तांदूळ, मासे निर्धास्त घाला. बंदर दाखवताय तर अरब व्यापारी घाला. अकराव्या शतकातल्या जयकेशी पहिल्याच्या काळापासून गोपकपट्टणच्या राजकारभारात अरब घराण्याचा माणूस आहे आणि मशिदीला दान दिल्याचा ताम्रपट आहे. 'परकीय मुसलमान पहिल्यांदाच आला' अशा थाटाचा प्रवेश असेल तर तो कापा.

मांडवीकाठ
होता. कापला. मिरचीही होती, कापली.

राजाचा दिवस कसा दाखवायचा? सकाळी पूजा, मग दरबार (सभा!), मग शिकार, असं लिहिलंय.

पाटाचें पाणी
कौटिल्याने दिवस नि रात्र यांचे आठ-आठ भाग केलेत, दीड-दीड तासाचे, नालिकेवर (पाण्याच्या घड्याळावर) किंवा सावलीवर मोजायचे. दिवसाचा पहिला भाग रक्षणाची व्यवस्था आणि जमाखर्च. दुसरा नगरच्या आणि जनपदाच्या लोकांची कामं. तिसरा स्नान, जेवण, स्वाध्याय. चौथा रोकड घेणं आणि अध्यक्षांच्या नेमणुका. पाचवा मंत्रिपरिषदेशी पत्राने सल्लामसलत नि हेरांच्या बातम्या. सहावा मोकळा, वाटलं तर करमणूक. सातवा हत्ती, घोडे, रथ, शस्त्रांची पाहणी. आठवा सेनापतीबरोबर. मग संध्या. रात्री पुन्हा हेर, मग जेवण, तिसऱ्या भागात वाद्यांच्या नादात शयनगृहात जायचं आणि चौथा-पाचवा भाग झोप. म्हणजे साधारण रात्री साडेदहा ते दीड. सहाव्या भागाला वाद्यं वाजली की उठून विचार, मग खलबतं, मग पहाटे पुरोहित, वैद्य, स्वयंपाकी, ज्योतिषी यांची भेट, सवत्स गायीला आणि बैलाला प्रदक्षिणा, आणि सभेत. शिकारीला जागा शोधूनही सापडत नाही.

हे वेळापत्रक कोणी पाळलं असेल असं नाही, कौटिल्य स्वतःच म्हणतो की ताकदीप्रमाणे भाग बदलावे. पण एक वाक्य मात्र त्याने ठासून लिहिलंय: ज्याची भेट मिळत नाही तो राजा जवळच्यांच्या हातचं बाहुलं होतो, करायचं ते राहतं आणि नको ते होतं. दारात माणसं ताटकळत ठेवू नयेत.

लोकांना दिसणं हे राजाचं काम आहे. यावर साहित्यातलं सगळ्यात जहाल चित्र रघुवंशाच्या शेवटच्या, एकोणिसाव्या सर्गात. रघुकुळाचा शेवटचा राजा अग्निवर्ण अंतःपुरातून बाहेर येत नाही. प्रजा दर्शन मागते, मंत्री आग्रह करतात, तेव्हा हा खिडकीतून एक पाय बाहेर सोडतो. लोक त्या पायाला नमस्कार करून जातात! जो ग्रंथ दिलीपाच्या गोसेवेने सुरू होतो तो या पायावर येऊन संपतो. पुढे क्षयाने अग्निवर्ण मरतो, आणि मंत्री बातमी दाबून राजवाड्याच्या बागेतच त्याचं दहन उरकतात. गरोदर राणीला गादीवर बसवल्यावरच राज्य पुढे चालतं.

दशावताराचा पेटारा
रंगमंचाचं मी सांगतो. मंडपात सिंहासन करू नका. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत दशावतारात एक बाकडं पुरतं. राजपार्ट, म्हणजे राजाचं काम करणारा नट, त्यावर बसला की सिंहासन, झोपला की पलंग, चढला की डोंगर. दीडशे किलोचं थर्माकोल-प्लायचं सिंहासन उचलायला चार माणसं आणि दोन मिनिटांचा अंधार लागतो, तेवढ्यात मागची पोरं शिट्या घालतात.

राजा ओळखू येतो तो मुकुटाने नाही, बाकीचे कसे उभे राहतात त्यावरून. राजपार्टाकडे कोणी पाठ फिरवायची नाही, बाहेर जाताना तीन पावलं मागे चालून मग वळायचं. राजा बसल्याशिवाय कोणी बसायचं नाही, आणि बसणाऱ्याचं आसन चार बोटं तरी खाली. तालमीत एवढं बसवलं की पोशाख साधा असला तरी चालतो. हे बसवलं नाही, तर जरीच्या अंगरख्यातला माणूस लग्नातला नवरदेव दिसतो.

छत्र आणि चवरी मात्र हवी. छत्राचा दांडा सात फुटांच्या आत नको, नाहीतर धरणाऱ्याचा हात प्रेक्षकांना दिसतो आणि राजा दिसत नाही. धरणारा राजाच्या मागे, उजवीकडे एक पाऊल. वरून दिवा असेल तर छत्राची सावली नेमकी तोंडावर पडते, म्हणून समोरून खालच्या कोनातला एक दिवा वाढवा. पांढरं कापड उजेडात डोळ्यांवर येतं, चहाच्या पाण्यात बुडवून घ्या. आणि छत्रधर म्हणून लहान पोर घेऊ नका. वीस मिनिटांच्या प्रवेशात हात खाली येतोच, आणि छत्र राजाच्या डोक्यावर टेकलं की लोक हसतात.

संपादकीय लाल शाई
शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत हेच म्हणतो की. राज्य म्हणजे स्वतःच्या हाताने दांडा धरलेली छत्री, श्रम घालवते त्याहून जास्त श्रम देते.

मांडवीकाठ
देव बरें करूं सगळ्यांना. खर्डा मोडून पुन्हा मांडतोय. पहिला अंक पंचमहाशब्दांवर: कल्याणीहून बातमी येते, वाजंत्री विचारतात, आज वाजवायचं का? दुसऱ्यात खोट्या तिथीचं दानपत्र. मधे कणसाचा मूक प्रवेश. शेवटी राजा वारतो आणि विष्णुचित्त बाकड्यावर बसतो, असं योजलंय. मरणाची घोषणा चोपदार करतो आणि मग अभिषेक.

पाटाचें पाणी
उलटा. आधी बसवणं, मग घोषणा. अग्निवर्णाचे मंत्री बातमी का दाबतात ते पाहा. बाकडं रिकामं असताना मरण जाहीर करणारा चोपदार कुठल्याच राज्यात टिकला नसता.

दशावताराचा पेटारा
आणि त्या दोन-तीन मिनिटांत, मेला हे आतल्या चौघांनाच ठाऊक असताना, छत्रधराला तिथेच उभा ठेवा. रिकाम्या बाकड्यावर छत्र धरून. तो काही बोलणार नाही, पण त्याचा हात दुखतोय हे मागच्या रांगेला दिसलं पाहिजे.